गोल वाचून दाखवणाऱ्या पानाची वीस वर्षं

जाहिरातदाराच्या खात्यातले कन्व्हर्जन गोल, म्हणजे ग्राहकाच्या कोणत्या कृतीला यश धरायचं याच्या नोंदी, मागवणं ही जाहिरातीच्या एपीआयमधली सगळ्यात निरुपद्रवी विनंती. तिच्यामुळे काही बदलत नाही, काही पुसलं जात नाही, एक पैसाही खर्च होत नाही. म्हणूनच तिचं डॉक्युमेंटेशन बहुधा शेवटी आणि घाईत लिहिलं जातं. गेल्या वीस वर्षांत ही पानं कशी बदलत गेली ते पाहिल्यावर मला मात्र वाटतं, की सर्वांत जास्त काळजी याच पानावर घ्यायला हवी होती. जाहिरातदार यश कशाला म्हणतो, हे इथेच वाचायला मिळतं.

२७ ऑक्टोबर १९९४ला हॉटवायर्ड या संकेतस्थळावर एटी अँड टीचा बॅनर झळकला, तेव्हा मोजायचं ते क्लिक. ऑक्टोबर २०००मध्ये गुगलचं अ‍ॅडवर्ड्स आलं, २००५मध्ये त्याचा एपीआय. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅडसेंटर. त्या काळच्या एपीआयचं लक्ष कीवर्ड, बोली आणि रिपोर्ट यांच्यावर होतं. कन्व्हर्जन म्हणजे रिपोर्टमधला एक रकाना.

बदल घडला तो टॅगमुळे, म्हणजे पानाच्या कोडमध्ये ठेवायच्या मोजणीच्या तुकड्यामुळे. २०१४च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने युनिव्हर्सल इव्हेंट ट्रॅकिंग आणलं: संपूर्ण साइटवर एकच टॅग लावायचा आणि कोणत्या कृतीला यश मानायचं ते खात्यात ठरवायचं. व्याख्या वेबपानाच्या कोडमधून निघून खात्यात जाऊन बसली. साहजिकच ती जाणून घ्यायची तर एपीआयला विचारणं आलं. अमुक पत्त्याचं पान उघडणं, साइटवर ठरावीक वेळ थांबणं, ठरावीक पानं पाहणं, एखादी घटना, अ‍ॅप उतरवून घेणं असे गोलचे प्रकार झाले. दुकानातली खरेदी आणि फोनवर पक्का झालेला सौदा यांचीही त्यांत सोय झाली.

मायक्रोसॉफ्टकडून हे गोल आयडीवरून मागवणाऱ्या विनंतीचं पान मी अनेकांना शिकवताना वापरलं आहे. तिथल्या दोन बारीक गोष्टींवर मी नेहमी थांबतो. पहिली, उत्तरातल्या रिकाम्या जागा. दहा आयडी पाठवले आणि चौथा सापडला नाही, तर उत्तराच्या यादीत चौथ्या जागी नल येतो आणि कारण आंशिक त्रुटींच्या वेगळ्या यादीत मिळतं. यादी नीटनेटकी दिसावी म्हणून कोणी नल गाळले, की पाचव्या आयडीपुढे सहाव्या गोलचं नाव लागतं. प्रोग्रॅम कुठेही अडत नाही, चुकीचा हिशेब मात्र महिनाभर वर जात राहतो. दुसरी गोष्ट नंतर जोडलेल्या रकान्यांची. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून यांतले काही रकाने मुद्दाम मागितल्याशिवाय येत नाहीत. तेव्हा रकाना आला नाही याचा अर्थ ‘मूल्य नाही’ असा नसतो, ‘तुम्ही विचारलं नाही’ असा असतो. एवढं एक वाक्य पानावर असलं, तर वाचणाऱ्याची पुष्कळ रखडपट्टी टळते.

एककांचा घोळ तर आजही आहे. क्लिकनंतर किती काळ झालेली खरेदी जाहिरातीच्या खाती धरायची, ती मुदत मायक्रोसॉफ्टकडे मिनिटांत असते, गुगलकडे दिवसांत. तीस दिवस म्हणजे ४३,२०० मिनिटं. गुगलच्या एपीआयमध्ये खर्च मायक्रोमध्ये येतो, रुपयाचे दहा लाख भाग करून. कन्व्हर्जनचं मूल्य मात्र सरळ रुपयांत. दोन्ही रकाने शेजारी ठेवून भागाकार करणाऱ्याला हे आधी माहीत असायला हवं.

२७ एप्रिल २०२२ला अ‍ॅडवर्ड्स एपीआय बंद झाला, तोवर गुगलकडेही गोलची मांडणी बदलली होती. प्रत्येक कृती तिचा वर्ग आणि उगम यांवरून एका गटात बसते आणि बोली लावताना तो गट धरायचा की नाही हे वेगळं नोंदवलेलं असतं. त्यामुळे ‘कन्व्हर्जन्स’ आणि ‘सर्व कन्व्हर्जन्स’ हे दोन आकडे जुळतीलच असं नाही. शिवाय एका खरेदीचं श्रेय अनेक क्लिकमध्ये वाटलं जातं, म्हणून २.३७ कन्व्हर्जन असा आकडा दिसतो. तो बिघाड नव्हे, हे सांगायची जागा पानावरच आहे. ग्राहकाचा फोन येईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

दरम्यान मोजणंच अवघड होत गेलं. २०१७मध्ये सफारीने कुकीजवर बंधनं आणली, २०१८मध्ये युरोपात जीडीपीआर लागू झाला, २०२१मध्ये आयफोनवरची अ‍ॅप्स मागोवा घेण्याआधी परवानगी विचारू लागली. न दिसलेल्या कन्व्हर्जनचा अंदाज बांधणं सुरू झालं. अशा वेळी शून्य आकड्यामागे काय आहे, टॅग पोचलाच नाही की अलीकडे विक्रीच झाली नाही, हे गोलच्या स्थितीच्या रकान्यावरून कळतं. बहुतेक पानांवर या रकान्याला एका ओळीचं स्पष्टीकरण मिळतं. माझ्या मते त्याला अर्धं पान द्यायला हवं.

नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिकने भाषिक मॉडेलांना बाहेरची टूल्स जोडून देणारा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल मांडला आणि या पानांना नवा वाचक मिळाला. आता ‘खात्यातले गोल आणून देतं’ असं टूलचं चार ओळींचं वर्णन भाषिक मॉडेल वाचतं आणि त्यावरून विनंती रचतं. जाणता प्रोग्रॅमर शंका आली की शेजाऱ्याला विचारतो. मॉडेल बरेचदा हाती आलेल्या ओळींवरच पुढे जातं. म्हणून मुदतीचं एकक, नलचा अर्थ, न मागितलेले रकाने आणि बोलीतून वगळलेले गोल, या चारही गोष्टी त्या वर्णनातच लिहिलेल्या असाव्यात, असा आग्रह मी सध्या धरतो.