गुंगी आणि तिचा उतारा

मुंबईत परळला १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. भायखळ्याची राणीची बाग त्याआधीची, १८६२ ची. पुढे तिथे प्राणिसंग्रहालयही झाले. आजारी वाघ-हत्ती तेव्हाही होतेच, पण त्यांना सुरक्षितपणे गुंगी देण्याची विद्या जेमतेम साठ-सत्तर वर्षांची आहे. तिचे श्रेय सहसा डार्टच्या बंदुकीला मिळते. मला ते अपुरे वाटते. बंदुकीने सुई दुरून टोचता आली एवढेच. प्राणी वाचू लागले ते उताऱ्याच्या औषधांमुळे. १९५० च्या दशकात डार्टमध्ये सक्सिनिलकोलीन भरत. त्याने स्नायू लुळे पडतात, पण शुद्ध जात नाही, वेदनाही थांबत नाही. म्हणजे प्राणी सगळे सोसत जागाच असे. मात्रा जराशी वाढली की श्वास बंद, आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही. १९६० च्या दशकात आफ्रिकेत गेंड्यांसाठी एटॉर्फिन आले. मॉर्फिनच्या हजारपट तीव्र असूनही ते जास्त भरवशाचे ठरले, कारण उतारा दिला की गेंडा काही मिनिटांत उठे. आपल्याकडे मुख्यतः झायलाझिन आणि केटामाइनची जोडी रुळली. झायलाझिनचा अंमल योहिंबिनने उतरवता येतो, केटामाइनचा नाही. म्हणून उतारा घाईने दिला तर प्राणी झटके देत, बिथरून जागा होतो.

यावर कोणी म्हणेल, उतारा हाताशी असला तरी प्राणी दगावतातच. खरे आहे. हत्तीची फुप्फुसे छातीच्या भिंतीला चिकटलेली असतात. तो छातीवर बसला तर पोटाचा भार श्वासपटलावर येतो आणि त्याला लगेच कुशीवर लोटावे लागते. मुंबईच्या उकाड्यात अंग तापते ते वेगळेच. पण उताऱ्यामुळे डॉक्टरांना चूक सावरण्याची संधी मिळते, आणि ती पूर्वी नव्हती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पाय पुढे करायला, शेपटीतून रक्त काढू द्यायला प्राण्याला शिकवले, तर गुंगी हवीच कशाला? नेहमीच्या तपासणीसाठी मलाही हेच योग्य वाटते. मात्र त्याला महिने लागतात आणि रोज तोच ओळखीचा रखवालदार लागतो. मोडलेला सुळा किंवा अडलेली प्रसूती तेवढी थांबत नाही. तरीही ही शिकवण वाया जात नाही. काट्यावर उभे राहायला शिकलेल्या वाघाचे वजन नोंदवहीत असते, त्यामुळे मध्यरात्री बोलावणे आले तरी डॉक्टरांना मात्रा नजरेच्या अंदाजाने भरावी लागत नाही.