अंगणातील पाला आणि उक्त्याचा व्यवहार

माघ सरून फाल्गुन लागला की मोसम नदीकाठच्या नामपुरात अंगण दिवसातून दोनदा झाडले तरी झाडल्यासारखे दिसत नाही. कडुनिंबाची बारीक पाने वाऱ्यासरशी ओट्यावर येतात, पिंपळ पाहता पाहता उघडाबोडका होतो आणि मोठ्या घरांच्या परसात बदामाची तांबूस, रुंद पाने थरावर थर साचतात. गोदामामागची मोकळी जागा, कांद्याच्या चाळीभोवतालचा पट्टा, स्थानकाचे किंवा मंदिराचे आवार, सर्वत्र हेच चित्र असते. घरची माणसे दुकानात आणि मार्केटमध्ये गुंतलेली. साहजिकच गावातील एखाद्या बाईला किंवा दोघातिघांच्या टोळीला बोलावून हे काम सोपवले जाते.

अडचण अशी की पानगळ आणि उन्हाळ कांद्याची काढणी एकमेकींना खेटून येतात. बागलाणातील बहुतेक मजूर त्या दिवसांत शेतावर असतात. उरलेल्या हातांना चार घरांची बोलावणी. मग व्यवहार ठरतो तो उक्ता: सगळे आवार लख्ख करून द्या आणि एवढे पैसे घ्या. वरवर पाहता यात गैर काही नाही. परंतु पाटीपाटीने पाला भरून बाहेर नेण्यास अर्धा दिवस जातो आणि काडी ओढण्यास क्षणही लागत नाही. दर केवळ झाडण्याचा ठरला असेल, तर वाहून नेण्याची मेहनत मजुराने पदरची करायची असते, आणि पुढच्या घरचे बोलावणे वाट पाहत असते. ढीग कुंपणाच्या कोपऱ्यात पेटतो. सायंकाळी चौविहाराच्या वेळेस मालक घरी येतो तेव्हा अंगण स्वच्छ असते, कोपऱ्यात राख धुमसत असते आणि त्याविषयी कोणीच काही विचारत नाही.

हा पाला पेटवला कोणी? काडी मजुराची होती, हे खरे. पण दर मालकाने ठरवला होता.

जैन घरांत हा प्रश्न परका नाही. कृत, कारित आणि अनुमोदित हा भेद लहानपणीच पाठशाळेत शिकवला जातो. श्रावकाचे पहिले अणुव्रत बहुधा दोन करण, तीन योग अशा मर्यादेने घेतले जाते. म्हणजे त्रस जीवांची संकल्पपूर्वक हिंसा स्वतः करायची नाही आणि दुसऱ्याकडून करवायचीही नाही. घर झाडण्यात, अंगण सारवण्यात जी हिंसा घडते ती आरंभी, गृहस्थाला सर्वस्वी न टाळता येणारी. वाळलेल्या पानांच्या ढिगात मात्र मुंग्या, कोळी, गोम, सरड्याची पिल्ले आणि उन्हापासून लपलेले बेडूक आश्रयाला असतात. दुसरा मार्ग मोकळा असताना तो ढीग पेटू दिला, तर त्यास आरंभी हिंसा म्हणून सोडून देता येईल काय? श्रावकास वर्ज्य ठरवलेल्या पंधरा कर्मादानांत वणवा लावण्याच्या कर्माचा, दवदानाचा, स्वतंत्र उल्लेख आहे. अंगणातील ढीग म्हणजे वणवा नव्हे. पण त्यात सापडलेल्या मुंगीला तो फरक कळण्याचे कारण नाही.

कायद्याचा कौलही याच दिशेचा आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि साध्या प्रकारासाठी ५,००० रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळण्यासाठी २५,००० रुपये भरपाई ठरवली. शिवाय जिथे बारदान आणि ताडपत्र्या रचलेल्या असतात, तिथे वाऱ्यावर उडालेली एक ठिणगी काय करू शकते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

खरी गोष्ट अशी की मजुरीचा हिशेब व्यापारी घरांना नवा नाही. बाजार समितीच्या आवारात हमाली, तोलाई, वाराई यांचा दर ठरलेला असतो आणि पै पै वहीत उतरते. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. अंगमेहनतीच्या कामालाही दर, नोंद आणि हक्क असतो हे तेव्हापासून बाजारपेठेने मान्य केले आहे. तोच व्यापारी घरच्या फाटकात आला की खराटा धरणाऱ्या बाईशी वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. मार्केटमध्ये गोणी उचलणे वेगळे, गाडीत भरणे वेगळे, असे मोजणाऱ्याने घरी मात्र झाडणे, भरणे आणि वाहणे ही तीन कामे एकाच आकड्यात कोंबावीत, हे विसंगत आहे. तिन्हींचे पैसे आधी वेगवेगळे सांगितले आणि जाळायचे नाही अशी स्पष्ट अट घातली, तर काडी ओढण्याचे कारणच उरत नाही. त्याहून बरे म्हणजे रोजाने काम द्यावे. त्यात घाई करून मजुराला काही मिळत नाही. बाईला आणि पुरुषाला एकाच कामाचा एकच रोज द्यावा. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला होता, अंगणात ते तत्त्व अजूनही पोहोचलेले दिसत नाही.

पहिल्या अणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभार आणि अन्नपाननिरोध हे दोन आहेत. त्यांचा अर्थ सांगताना बैलाचे उदाहरण हटकून दिले जाते. चैत्राच्या उन्हात दुपारी एक वाजेपर्यंत वाकून झाडणाऱ्या बाईच्या डोक्यावर ठासून भरलेले पोते देणे हा अतिभारच होय, आणि तिने मागितल्याखेरीज पाण्याचा तांब्या बाहेर न येणे हाही त्याच यादीतला दोष.

काम कसे करून घ्यावे, याविषयी थोडे. सूर्योदयानंतर, उजेड पुरता झाल्यावर सुरुवात करावी. जीव दिसले तरच वाचवता येतात. रात्रभर पडून राहिलेला ढीग एकदम उचलू नये. आधी लांब दांड्याच्या दाताळ्याने कडेने हळूहळू सैल करावा, थोडे थांबावे, आतल्या जिवांना निघून जाऊ द्यावे. ही केवळ जयणा नव्हे. वाळलेल्या पानांत घोणस आणि फुरसे रंगाने मिसळून जातात, आणि उघडा हात ढिगात घालणारी व्यक्ती मालकाच्या घरची नसते. हातमोजे, बंद बूट आणि दाताळे मालकाने पुरवावे. सारे मिळून एका साडीच्या किमतीहून जास्त होत नाही. हवेच्या झोताने पाने उडवणारी यंत्रे आता शहरांतील सोसायट्यांत दिसू लागली आहेत. त्यांनी धूळ आणि किडेमुंग्या दोन्ही शेजारच्या दारी जातात, एवढाच त्यांचा पराक्रम.

आणखी एक वेळ सांभाळावी लागते. पावसाने भिजलेल्या पाल्यात काही दिवसांत नीलफूल धरते, गांडुळे आणि असंख्य सूक्ष्म जीव होतात. मग त्याला हात लावणेच दोषाचे होऊन बसते. म्हणून ढीग कोरडा असतानाच, मृगाचे पाणी पडण्यापूर्वी आवार मोकळे झालेले बरे. आषाढी चौमासी जवळ आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. पाला गटारात किंवा मोसमच्या पात्रात लोटणे हा तर उपायच नव्हे.

मग न्यावा कुठे? पुण्यात अदिती देवधर यांनी २०१६मध्ये ‘ब्राउन लीफ’ हा उपक्रम सुरू केला: ज्यांच्याकडे पाला आहे त्यांची ज्यांना तो हवा आहे त्यांच्याशी गाठ घालून द्यायची. नामपूरला तर ही गाठ घालण्यास कोणी मध्यस्थही नको. भोवती डाळिंबाच्या बागा आहेत, आंबे बहार धरलेल्या झाडांना ऐन उन्हाळ्यात पाणी पुरवावे लागते, आणि आळ्यात वाळल्या पानांचे आच्छादन घातले की जमिनीतील ओल अधिक काळ टिकते. ज्यांचा माल आपल्या गाळ्यावर येतो त्या शेतकऱ्यांपैकीच एखाद्याला निरोप दिला तर रिकाम्या परतणाऱ्या ट्रॉलीत पाला जाऊ शकतो. गावातील निंब-पिंपळाचा पाला यासाठी चांगला. तेल्या पडलेल्या बागेतील पाला मात्र दुसऱ्या बागेत जाऊ देऊ नये. निंबाची थोडी पाने सावलीत वाळवून गव्हाच्या कोठीसाठी घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया आधीच बाजूला काढतात.

पाला भरायला जुने बारदान चालते. फक्त किती पोती ट्रॉलीत चढली ते लिहून ठेवावे. बागेत गेलेले बारदान मागितल्याशिवाय परत येत नाही.