विंचू-गवताची भाजी

हिमालयाच्या पायऱ्या चढून गढवालांत किंवा कुमाऊंत गेलेल्या मराठी प्रवाशाला एका वनस्पतीची ओळख बहुधा वेदनेनेंच होते. वाटेच्या कडेला, गोठ्यामागें, पडक्या भिंतीच्या आडोशाला कमरेइतकी वाढलेली, करवती कडांच्या पानांची ती वनस्पति दिसण्यांत अगदीं साधी असते. नकळत हाताचा स्पर्श होतो आणि विंचवानें नांगी मारावी तशी आग उठते. हिंदींत तिला ‘बिच्छू घास’ म्हणतात तें उगीच नव्हे. गढवालांत ‘कंडाली’, कुमाऊंत ‘सिसूण’ आणि नेपाळांत ‘सिस्नू’ हीं तिचीं घरगुती नांवें. वनस्पतिशास्त्रांत तिला ‘अर्टिका’ म्हणतात. जाळणें या अर्थाच्या लॅटिन धातूवरून हें नांव पडलें. नवल असें कीं, जिला गुरेंही सहसा तोंड लावीत नाहींत, तिचीच भाजी त्या डोंगरांत आवडीनें शिजविली जाते. हें कसें घडतें, तें समजून घेण्याजोगें आहे.

महाराष्ट्रांतील श्रोत्याला यावर प्रथम खाजकुइली आठवेल. परंतु या दोहोंत घोटाळा होतां कामा नये. खाजकुइली हा शेंगांचा वेल. तिची खाज शेंगांवरच्या लवेंत असते. कंडालीची आग पानांवर आणि देठांवर पसरलेली असते. दोघींचें कूळ निराळें, खाजेचें कारणही निराळें. म्हणून पुढें सांगितलेली कृति दुसऱ्या कोणत्याही खाजऱ्या पाल्याला लावूं नये.

कंडालीच्या पानांवर जे बारीक केंस दिसतात, त्यांतील आग लावणारा प्रत्येक केंस म्हणजे एक पोकळ नळी होय. तिचें टोंक सिलिकाचें, म्हणजे वाळू ज्या द्रव्याची असते त्याच द्रव्याचें, म्हणून कांचेसारखें ठिसूळ असतें. किंचित् धक्का लागतांच टोंक मोडतें, तिरकी धार उघडी पडते आणि बुडाशीं सांठलेला रस डॉक्टरांच्या सुईंतून औषध जावें तसा कातडींत शिरतो. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें सूक्ष्मदर्शकाखालीं हे केंस न्याहाळून १६६५ सालीं आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथांत त्यांचें वर्णन केलें. पुढें बराच काळ ही आग केवळ मुंगीच्या अंगांतील आम्लासारख्या आम्लानें होते, असें मानीत. आतां त्या रसांत हिस्टामिन, ॲसिटिलकोलिन आणि सेरोटोनिन हीं द्रव्येंही असतात असें आढळून आलें आहे.

आगीचें कारण कळलें म्हणजे तिच्यावरचा उपायही कळतो. सुई जोंवर ताठ आणि रसानें भरलेली आहे तोंवरच तिची सत्ता. उकळत्या पाण्यांत पान पडलें कीं केंस लोळतात, रस बाहेर पडून पाण्यांत मिसळतो आणि आग नाहींशी होते. पान पूर्ण सुकविल्यानेंही तेंच घडतें. येथें अळूची तुलना उद्बोधक आहे. अळूची खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनीं होते आणि ती उकळीबरोबर सहजासहजीं जात नाहीं. म्हणून गृहिणी फतफत्यांत चिंच किंवा आमसूल घालतात. कंडालीला आंबटाची गरज नाहीं. उष्णता पुरेशी होते.

खुडणीचा खरा काळ वसंत ऋतूचा. रोप कोवळें असतांना शेंड्याकडचीं चार-सहा पानेंच घ्यावीं. फुलोरा येऊन गेलेलीं जून पानें वर्ज्य करावीं; त्यांत चुन्याच्या जातीचे सूक्ष्म खडे वाढतात आणि भाजी कचकचीत लागते. पहाडी स्त्रिया एका हातानें चिमट्यांत शेंडा धरतात आणि दुसऱ्या हातानें विळ्यानें कापतात. शहरी माणसानें जाड हातमोजे घालावे व बाह्या मनगटापर्यंत उतरवाव्या. मोटारींच्या रस्त्याकांठचा, गटाराजवळचा किंवा औषध फवारलेल्या शेताचा पाला घेऊं नये. पहिल्यानें जाणत्या स्थानिक माणसाकडून ओळख पटवून घ्यावी. बेट समूळ मात्र खुडूं नये. कित्येक फुलपाखरांच्या अळ्या याच पानांवर पोसतात.

घरीं आणलेला पाला चिमट्यानेंच मोठ्या पातेल्यांत धुवावा. मग लोखंडी कढईंत पाणी उकळून त्यांत तो सोडावा आणि दहा-पंधरा मिनिटें शिजूं द्यावा. चंदनबटव्याप्रमाणें तोही आळतो. भरलेली टोपली शेवटीं वाटीभर उरते. पळीनें घोटून त्यांत तांदळाचें पीठ किंवा बेसन लावावें. गढवालांत वर जख्याच्या दाण्यांची फोडणी देतात. हा जख्या म्हणजे महाराष्ट्रांतील पिवळ्या तिळवणीचेंच बीं. जोडीला मंडुव्याची भाकरी असते, आणि मंडुवा म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून नाचणी! कोंकणांतील माणसाला तें ताट परकें वाटण्याचें कारण नाहीं.

या भाजींत लोह, कॅल्शियम आणि प्रथिनें चांगलीं असतात. तिच्यांत क जातीचें नव्हे, तर ‘के’ नांवाचें जीवनसत्त्वही विपुल असतें. म्हणून रक्त पातळ ठेवण्याचीं औषधें घेणाऱ्यानें डॉक्टरांना विचारल्यावांचून ती खाऊं नये. गर्भवतींनींही तोच नियम पाळावा. खुडतांना आग झालीच तर जागा चोळूं नये. थोडा वेळ तशीच ठेवून मग साबणपाण्यानें धुवावी आणि थंड पाण्याची पट्टी ठेवावी. तोंड सुजलें किंवा श्वास अडूं लागला तर मात्र तत्काळ दवाखाना गांठावा.

एवढ्यावर तिचा उपयोग संपत नाहीं. तिच्या देठांत चिवट धागा असतो. डेन्मार्कमधील लुसेहॉय येथें सुमारें २,८०० वर्षांपूर्वींच्या दफनांत याच जातीच्या धाग्याचें वस्त्र सांपडलें आहे. पहिल्या महायुद्धांत कापूस मिळेनासा झाला तेव्हां जर्मनीनें याच धाग्याकडे धांव घेतली होती.

पहाडी घरांत या झुडुपाचें आणखी एक काम असे. खोडकर मुलाला सिसूण लावण्याचा धाक घालीत, आणि तो धाक कधीं कधीं खराही करीत. जिनें सकाळीं मूल रडविलें तीच संध्याकाळीं त्याच्या पानांत वाढली जाई. शिक्षेचें हें साधन आतां कोणी परत आणूं नये. भाजी मात्र विसरूं नये.

ती विसरली जाण्याचें भय खरें आहे. माणसांच्या व गुरांच्या वस्तीनें कसदार झालेली माती कंडालीला मानवते, म्हणूनच ती घराच्या पाठीशीं उभी राहते. आज उत्तराखंडांतील कित्येक गांवें पोटासाठीं मैदानांत उतरलीं आहेत. कुलुपें लागलेल्या घरांच्या अंगणांत ती माजते. तिला खुडणारा हात तेवढा उरलेला नाहीं. कोणती पानें घ्यावीं, कोणतीं सोडावीं, चिमटा कसा धरावा, हें ज्ञान पुस्तकांत थोडें आणि म्हाताऱ्या हातांत अधिक आहे. वनस्पति आपोआप वाढेल. तिची ओळख मात्र कोणीतरी कोणाला करून द्यावीच लागते.