कंत्राटी कामगार की फ्रीलान्सर? बिल देण्याआधी चलन बघा

रांजणगाव (ता. शिरूर) आणि कुरकुंभ (ता. दौंड) एमआयडीसीतल्या लघुउद्योजकांना हा प्रश्न नेहमीच पडतो. वेबसाइट, डिझाइन अशा एकवेळच्या कामाला फ्रीलान्सर परवडतो. मशीनवरच्या रोजच्या पाळीसाठी मात्र ठेकेदारामार्फत माणूस घ्यावा. काम पटले तर कायम करता येते.

पण ठेकेदाराने पगार थकवला तर तो कंपनीलाच द्यावा लागतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातली ही तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही आहे. त्यामुळे ठेकेदाराचे बिल देण्याआधी पीएफ-ईएसआयचे चलन मागा.

पीएफ वाचवायला रोज हजेरी लावणाऱ्याला ‘फ्रीलान्सर’ दाखवण्याची पळवाट महागात पडू शकते. वाद झाल्यास करारातल्या शब्दापेक्षा देखरेख कोणाची, हे पाहिले जाते.