यात्रेतील धनगरी ओवी : गायन, कथन आणि संहिता

लोकगीतांच्या संकलनात आपल्याकडे प्रथमपासून शब्दांना प्राधान्य मिळत आले आहे. गाणे ऐकावे, शब्द उतरून घ्यावेत, चरण पाडावेत आणि संहिता सिद्ध झाली असे मानावे, ही सर्वसाधारण रीत होय. धनगरी ओवीच्या बाबतीत ती कितपत पुरेशी आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोली येथील विठ्ठल-बिरदेवाची यात्रा हे या दृष्टीने चांगले उदाहरण ठरेल. पावसाळा सरल्यावर भरणाऱ्या या यात्रेला महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतून भाविक येतात. भंडाऱ्याची उधळण, धनगरी ढोल आणि कैताळ यांचा घोष, रंगीत रुमाल उडवीत चाललेले गजनृत्य आणि त्या गर्दीतच रंगणारे ओवीगायन, हे सारे उघड्या आकाशाखाली एकाच वेळी चाललेले असते. येथील श्रोता निमंत्रित रसिक नसून देवाचा भक्त असतो. बिरोबाची कथा त्याला आधीपासून ठाऊक असते. ‘पुढे काय झाले’ यापेक्षा ‘या गायकाने ते कसे सांगितले’ याकडेच त्याचे लक्ष असणार, हे ओघानेच आले.

ओवी हा शब्द मराठीत जुना आहे. बाराव्या शतकातील सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आढळतो. ग्रंथांतील ओवीत सामान्यतः पहिल्या तीन चरणांना यमक असते व चौथा चरण आखूड असतो. धनगरी ओवी या चौकटीत बसत नाही. तिचे खरे एकक चार चरणांचे कडवे नसून गायिलेली एकेक ओळ हे आहे. मुख्य गायक ओळ म्हणतो आणि साथीदार ती उचलून पुन्हा म्हणतात. काही काळ असे गायन झाल्यावर ते थांबते, आणि गायिलेला भाग गद्यात, संवादांसह, विस्ताराने सांगितला जातो. त्यानंतर पुन्हा गायन सुरू होते.

या दोन अंगांकडे संकलकाचे सहज दुर्लक्ष होते. पुनरुक्ती अनावश्यक समजून तो गाळतो, आणि गद्य भाग केवळ स्पष्टीकरण समजून वगळतो. वस्तुतः साथीदार ओळ परत म्हणत असतात तेवढ्या अवकाशात मुख्य गायकाला पुढील ओळ जुळविता येते. मिल्मन पॅरी यांनी 1933 ते 1935 या काळात युगोस्लाव्हियातील गायकांचा अभ्यास केला. त्याच्या आधारे आल्बर्ट लॉर्ड यांनी 1960 मध्ये असे प्रतिपादिले की, मौखिक महाकाव्याचा गायक पाठ केलेले म्हणत नाही. ठराविक पदबंधांच्या साहाय्याने तो गातागाताच रचना करतो. धनगरी ओवीतील पुनरुक्तीचा विचार या दृष्टीने केल्यास ती शैलीचा दोष न राहता रचनेचे साधन ठरते. गद्याचेही तसेच आहे. गायनात प्रसंगाचा केवळ निर्देश असतो. कार्यकारणभाव गद्यात उलगडतो. गद्य गाळले की कथा तुटक भासते, आणि मग गायकाच्या विस्मरणाला उगाच दोष दिला जातो.

गुंथर सोन्थायमर (1934–1992) यांच्या कार्याचे महत्त्व येथे ध्यानात येते. बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा या देवतांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ 1976 साली प्रसिद्ध झाला. त्याचे इंग्रजी भाषांतर 1989 मध्ये निघाले. त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्यांपैकी बिरोबा व धुळोबा यांच्या कथा अ‍ॅन फेल्डहाउस यांनी सहकाऱ्यांसह 2014 मध्ये ग्रंथरूपाने उपलब्ध करून दिल्या. ध्वनिमुद्रण जतन झाले म्हणूनच, इतक्या वर्षांनंतरही, गायन आणि कथन यांचा संबंध तपासणे शक्य झाले.

तेव्हा क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्याने काही पथ्ये पाळावीत. ओळ किती वेळा म्हटली गेली, ती कोणी उचलली, गायन कोठे थांबले, ढोल केव्हा वाजला आणि श्रोत्यांनी कोठे दाद दिली, याची नोंद शब्दांबरोबरच करावी. गायकाला घरी बोलावून शांतपणे घेतलेला पाठ जरूर मिळवावा. अर्थ विचारण्यास तो सोयीचा असतो. मात्र त्याला यात्रेतील पाठाचा पर्याय मानू नये. कागदावर स्वच्छ उतरलेली ओवी ही बव्हंशी संकलकाची रचना असते. गायकाची रचना हाती यावयाची, तर ती ज्या गर्दीत आणि ज्या गलबल्यात घडते, त्यांसह ती ऐकली पाहिजे.