मणक्यांतील दार



तीन वर्षांपूर्वीं माझ्या थोरल्या बंधूंस सदऱ्याचीं बटणें लावणें जड जाऊं लागलें. पुढें सपाट रस्त्यावरही पाऊल अडखळूं लागलें. वेदना मात्र मुळींच नव्हती. "वय झालें, दादा," असें म्हणून मींच त्यांस धीर दिला. आणि त्या धीरापायीं दीड वर्ष फुकट गेलें.

मेंदूचे हातापायांस जाणारे सारे हुकूम मज्जारज्जूंतून जातात. मानेच्या मणक्यांतील त्याची वाट साधारणतः १७ मिलिमीटर असते. ती १३ च्या आंत आली कीं अरुंद समजतात. उतारवयांत मणक्यांमधील चकत्या झिजतात, हाडास कांटे फुटतात, बंध जाड होतात आणि रज्जू हळूहळू चेपला जातो. हाडाची वाट औषधानें रुंदावत नाहीं. म्हणून दाब वाढत चालल्यास शस्त्रक्रिया करावी लागते.

अडथळा एकदोन ठिकाणींच असल्यास गळ्याच्या बाजूनें चकती काढून मणके सांधतात. तो अनेक ठिकाणीं असल्यास बहुधा मागून जातात. पूर्वीं मागच्या कमानी समूळ काढीत. परंतु त्यामुळें कांहीं रोग्यांची मान पुढें वांकत असे. जपानांत मणक्यांमागील बंधाचें हाड होण्याचा विकार बराच आढळतो. तेथील हिराबायाशी या शल्यवैद्यांनीं १९७७ सालीं निराळी युक्ति काढली. कमानीची एक बाजू पुरती कापावयाची, दुसरी नुसती कोरून पातळ करावयाची आणि तीच बिजागरी मानून कमान दारासारखी उघडावयाची. छप्पर राहतें, जागा वाढते आणि रज्जू मागें सरकून मोकळा होतो.

या क्रियेंत धोका नाहीं असें नाहीं. कांहींचा खांदा कित्येक महिने दुबळा राहतो. शिवाय तिचा मुख्य हेतु पुढील हानि थांबविणें हा होय. फार दिवस चेपलेले तंतू पूर्ववत् होतीलच असें नाहीं.

एक सोपी कसोटी सांगतों. मूठ पुरती मिटून उघडावी. निरोगी मनुष्यास १० सेकंदांत हें २० वेळां साधतें. तितकें न साधल्यास वयास दोष न देतां वैद्यांस भेटावें. खरें निदान तपासणीनें व एमआरआय चित्रानेंच होतें.

दादा आतां काठी घेऊन फिरतात. बटणें स्वतः लावतात. गळ्याचें तेवढें मी लावतों.