हरवलेले दोन टीबी

मागच्या सेमिस्टरला आमच्या विंगमधल्या सहा जणांनी वर्गणी काढून ४ टीबीची हार्डडिस्क घेतली. उद्देश अर्थातच प्रोजेक्टचा बॅकअप (पिक्चर नंतर आपोआप आले). एका सीनियरच्या डेस्कटॉपमध्ये बसवली, फॉरमॅट केली आणि पाहतो तर ड्राइव्ह फक्त २ टीबीचा! दुकानदाराने गंडवलं म्हणून दोघे बिल घेऊन निघालेसुद्धा. नशीब, रविवार होता आणि दुकान बंद होतं. कारण दुकानदाराचा काहीच दोष नव्हता.

मित्रहो, यात दोन भानगडी आहेत. पहिली किरकोळ. कंपनी १ टीबी म्हणजे १ वर १२ शून्यं इतके बाइट धरते, तर विंडोज दर पायरीला १००० ऐवजी १०२४ ने भागतं. म्हणून ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ टीबी दिसते, आणि तीच उबुंटूच्या फाइल मॅनेजरमध्ये ४ टीबी. जागा तेवढीच, मोजपट्टी वेगळी. त्यासाठी भांडायला जाऊ नका.

खरी गोम दुसरी. डिस्कचे भाग कुठे सुरू होतात आणि किती मोठे आहेत, याची नोंद डिस्कच्या सुरुवातीलाच असते. तिची जुनी पद्धत म्हणजे एमबीआर, १९८३ च्या डॉसपासूनची. त्यात सेक्टरच्या नंबरासाठी ३२ बिटच ठेवले आहेत. एक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे २ चा ३२ वा घात गुणिले ५१२, बरोबर २०४८ जीबी. त्यापुढे हिशोबच नाही. समजा, रेक्टर सरांच्या रजिस्टरमध्ये रूम नंबरसाठी तीनच चौकोन आहेत. १००० नंबरची खोली बांधलेली आहे, आत कॉटही आहे, पण ती कुणाला देता येणार नाही! जीपीटी या नव्या पद्धतीत नंबराला ६४ बिट मिळतात आणि प्रश्नच मिटतो.

आमच्याकडे पहिल्यांदा 'इनिशियलाइज डिस्क' विचारलं तेव्हा कुणीतरी एमबीआर ठेवून ओके दाबलं होतं. डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर उरलेले सुमारे १६७८ जीबी 'अनअलोकेटेड' म्हणून काळ्या पट्टीखाली सापडले.

उपाय सोपा, पण इथेच घात होतो. डिस्कच्या नावावर राइट क्लिक केल्यावर 'कन्व्हर्ट टू जीपीटी' दिसतं, पण त्यावरचे सगळे व्हॉल्यूम डिलीट केल्याशिवाय ते चालू होत नाही. आणि डिलीट म्हणजे आतलं सगळं गेलं. एकजण माउस घेऊन तयारच होता. तेवढ्यात कळलं की आमच्यातल्या एका महाभागाने फायनल इयरचा प्रोजेक्ट डिस्कवर टाकून लॅपटॉपवरून उडवलाही होता! मग आधी तो दोन लॅपटॉपवर कॉपी केला, फाइली उघडून पाहिल्या, आणि मगच डिलीट.

डिस्क फक्त डेटासाठी असेल तर एवढं पुरे. तिच्यावरूनच विंडोज बूट करायचं असेल तर मदरबोर्डला यूईएफआय लागतं. एखाद्या जुन्या मशीनवर ३२ बिटचं एक्सपी असेल तर ते जीपीटी वाचणारच नाही. फॉरमॅट एनटीएफएस निवडा. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही.

आणि सी, डी, ई, एफ असे चार तुकडे करायची आपली जुनी सवय सोडा. प्रत्येक तुकड्यात थोडी जागा उरते, आणि मोठी फाइल आली की ती एकातही मावत नाही. आम्ही एकच व्हॉल्यूम ठेवला आणि सहा जणांचे सहा फोल्डर केले.